अकरा पाट्यांवरचे गोल

तिसरीच्या मुलांना इंग्रजीतली कॅपिटल अक्षरं शिकवायची असली की मी फळ्यावर नियम लिहून देत नाही. मुलांनाच अक्षरं करतो. आठ-दहा जण पुढे ओळीत मांडी घालून बसतात, प्रत्येकाच्या छातीवर कागदाचा एक तुकडा आणि त्यावर एक अक्षर. बसलेलं मूल म्हणजे स्मॉल, उभं राहिलेलं म्हणजे कॅपिटल. वाक्य सुरू झालं की पहिला उठतो. कोणाचं नाव आलं की त्या नावातला पहिला उठतो. वार, महिना, गाव यांचंही तसंच. बाकीच्यांनी गप बसून राहायचं. मध्येच कोणी उठलं की सगळा वर्ग ओरडतो, "बस खाली!"

इंग्रजीतला 'मी' मात्र वाक्यात कुठेही आला तरी उभाच. असं का, म्हणून एकाने विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, "स्वतःला शहाणा समजतो म्हणून."

उत्तर देणारी ठिपकी होती. हे तिचं वर्गातलं नाव. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात. संध्याकाळी ते अक्षरांच्या कडा आखतात आणि ही आतला रंग भरते, त्यामुळे तिच्या कोपरांवर कायम कसले ना कसले ठिपके. एक दिवस निळे, एक दिवस पिवळे. वर्गात येण्याआधीच तिला सव्वीसच्या सव्वीस अक्षरं ओळखता येत होती. कुठलं कधी उठतं आणि कधी बसतं, एवढंच माहीत नव्हतं. ते कळलं तेव्हा तिला जो आनंद झाला, तो मी पाहिला आहे. आठवडाभर ती घरी जाताना वाटेत भेटेल त्याला अक्षर करून उठवत-बसवत जायची.

खेळ झाला की वह्या. प्रत्येकाने शेजाऱ्याची वही घ्यायची, मध्येच उठलेलं अक्षर दिसलं की त्याभोवती पेन्सिलीने गोल काढायचा आणि वही परत द्यायची. मग ज्याची वही त्याने खोडून नीट करायचं. चूक दाखवली म्हणजे भांडण केलं असं नाही, हे मी मुलांना पहिल्या दिवसापासून सांगत आलो. वर्गापुरतं ते खरं होतं. वर्गाबाहेर काय करायचं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

एका गुरुवारी घरचा अभ्यास दिला, "जाता-येता रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या वाचा. मध्येच उठलेलं अक्षर सापडतंय का बघा. उद्या सांगा." पेटीतले खडूचे तुकडे नेहमीप्रमाणे वाटून टाकले. छोटे झाले की ते माझ्या उपयोगाचे राहत नाहीत, आणि मुलांना आवडतात.

शुक्रवारी दुसऱ्या तासाला पेंटर वर्गात शिरला. दार वाजवलं नाही. शर्टाच्या खिशात ब्रश तसाच, ओला.

"कोण आहे इथला मास्तर?"

"मीच. या ना, बसा."

"बसायला नाही आलो. तुम्ही पोरांना काय शिकवता ते बघायला आलोय." त्याने वर्गावरून नजर फिरवली. "अकरा बोर्ड. अकरा! सकाळपासून एकेकाचा फोन. औषधवाला म्हणतो, तुझ्या कामावर शाळेतल्या पोरांनी शेरा मारलाय. न्हावी तर हसत होता. फोनवर हसत होता, मास्तर!"

मला अजून उलगडा होत नव्हता. "कसला शेरा?"

"गोल! माझ्या अक्षरांवर खडूचे गोल! शटरवर, काचेवर, दारावर, जिथं हात पोचला तिथं. शिंप्याच्या पाटीसाठी तर त्याचंच स्टूल घेतलं. कोणी काढले?"

आता मला कळलं. मुलांनी वाचायची तेवढी पाटी वाचली होती आणि मग वहीवर करतात तेच केलं होतं.

"मी सांगितलं होतं त्यांना पाट्या वाचायला," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"तुमचं नंतर बघतो. हात कोणाचा होता?"

मागच्या बाकावरून ठिपकी उठली. "आठ मी काढले, बाबा. तीन बाकीच्यांनी."

सगळ्या वर्गात त्याला हा एकच चेहरा उभा राहायला नको होता. "तू? माझ्या बोर्डावर?"

"मध्येच उठलेली अक्षरं होती ना. प्रत्येकावर होती." ती अगदी सरळ सांगत होती, वही परत देताना सांगतात तशी. "तुमचा आर कुठेही उठतो, बाबा. एनसुद्धा."

पुढच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने सगळं नासलं.

"दप्तर भर," पेंटर म्हणाला.

"अजून तास—"

"भर म्हटलं ना!"

तिने दप्तर भरलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी करीन असं तिला वाटत होतं. मी त्यांच्या मागोमाग फक्त व्हरांड्यापर्यंत गेलो.

आवाज ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या होत्या. पेंटर त्यांच्यासमोरच माझ्यावर तुटून पडला. "बावीस वर्षं ह्या रस्त्यावर लिहितोय. एका माणसाने बोट दाखवलं नाही. आणि आता माझीच पोरगी माझ्या नाकावर टिच्चून! कोणी शिकवलं? ह्यांनी. आता ह्यांनीच निस्तरायचं. उद्या माझ्याबरोबर अकराही ठिकाणी यायचं, स्वतःच्या हाताने गोल पुसायचे आणि प्रत्येक मालकाला सांगायचं की बोर्ड बरोबर आहे. हिच्या देखत. मग सोमवारी पोरगी शाळेत. नाहीतर नाही."

"पुसतो. माफीही मागतो," मी म्हणालो. "पण पाटी बरोबर आहे असं—"

"सांगतील ते," मुख्याध्यापिका मध्येच म्हणाल्या. "तुम्ही निश्चिंत जा."

तो गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "दोन शब्द आहेत. तुमचं काय जातंय?"

"ज्या मुलीला शिकवलं तिच्यासमोर खोटं बोलू?"

"खोटं कसलं? पाटी वाचता येते ना? मग बरोबर." त्यांनी आवाज खाली आणला, पण धार तीच. "आणि त्या अकरातली एक आपली आहे, माहितीय का? आपल्या फाटकावर, शाळेच्या नावावर गोल! येणारा-जाणारा हसतोय. ती पाटी मी पास केली होती, सर. निवृत्तीनंतर तुम्हाला ठेवून घेतलं ते तुमच्या वर्गात मुलं रमतात म्हणून. ती खडू घेऊन गावभर हिंडावीत म्हणून नाही."

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघं निघालो. मी बादली आणि फडकं घेऊन पुढे, पेंटर हाताची घडी घालून मागे, आणि मध्ये ठिपकी. गणवेशात नव्हती.

पहिलं दुकान चाव्या बनवणाऱ्याचं. मी गोल पुसला आणि म्हणालो, "मुलांना मी नीट सांगायला हवं होतं. तुमच्या पाटीला हात लावायला नको होता. माफ करा."

"पुढे?" पेंटर मागून म्हणाला.

"पुढे काय?"

"बोर्ड बरोबर आहे. ते म्हणा."

मी फडकं पिळत राहिलो. चाव्यावाला गालात हसत होता. "अरे, जाऊ दे की. मला कुठं वाचता येतंय? कुलूप उघडलं म्हणजे झालं."

"तू गप बस," पेंटर त्याच्यावर खेकसला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "एक."

तो मोजत होता. सायकलवाल्याकडे दोन. लाँड्रीत तीन. शिंप्याकडे चार. शिंप्याने स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, "घ्या मास्तर, तुमच्या टोळीचं लाडकं स्टूल." न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसलेलं गिऱ्हाईक फेसासकट हसलं. तिथे पेंटरचा चेहरा इतका लाल झाला की मला त्याची दया आली, पण दया दाखवायची ती वेळ नव्हती. प्रत्येक ठिकाणी मी गोल पुसत होतो, माफी मागत होतो आणि तिथेच थांबत होतो. प्रत्येक ठिकाणी मागून आकडा येत होता.

औषधाच्या दुकानाची पाटी नवी होती. मी जोर लावून घासलं तसा हिरवा रंग फडक्याला लागला.

"हात काढा! हात काढा तो!" पेंटरने फडकं माझ्या हातातून हिसकलं. "फळा आहे का तुमचा? आठ दिवसांचा रंग आहे हा." त्याने फडक्याचं टोक जेमतेम ओलं करून दोन बोटांनी टिपलं, फुंकर मारली, परत टिपलं. गोल गेला, खालचं अक्षर तसंच राहिलं. मग त्याने माझं कोपर धरलं आणि मला जवळजवळ ओढतच रस्ता ओलांडून पलीकडे नेलं. ठिपकीही धावत आली.

"आता बघा. तो शेजारचा बोर्ड माझा नाही. दुसऱ्याने केलाय, तुमच्या पुस्तकाप्रमाणे. त्यातला छोटा आर वाचा."

मी डोळे बारीक केले. छोटा आर दिसतच नव्हता. शेजारच्या अक्षराला काडी चिकटावी तसा मिसळून गेला होता.

"आता माझा."

त्याचा मोठा आर शब्दाच्या मधोमध पाय रोवून उभा होता. अख्खा शब्द त्याच्यामुळे वाचता येत होता.

"लोक इथून वाचतात, मास्तर. नाक लावून नाही वाचत."

"दिसतो," मी म्हणालो. "खरंच दिसतो. तुमच्या हाताला तोड नाही."

"मला तुमचं कौतुक नकोय. बरोबर आहे म्हणा."

"लांबून चांगलं दिसतं, हे मी कोणालाही सांगेन."

"म्हणजे बरोबर नाही."

मी बादली आणायला वळलो.

"पण सर," ठिपकी म्हणाली, "दिसतो म्हणजे बरोबर, की दिसला तरी—"

"तू मध्ये पडू नकोस!" तो तिच्यावर ओरडला आणि मला म्हणाला, "सहा."

दहा पाट्या झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. राहिली होती ती शाळेचीच. फाटकाच्या अलीकडे पेंटर थांबला. आता तो ओरडत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"दहा ठिकाणी संधी दिली. एकदाही म्हणाला नाहीत. ठीक आहे. सोमवारपासून ही माझ्याबरोबर कामाला येईल. डबे धुवायला, ब्रश धुवायला हात हवाच आहे मला. थोडे दिवस घरी बसली म्हणून काही बिघडत नाही."

थोडे दिवस. हे दोन शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. धाकट्या भावाला सांभाळायचंय, थोडे दिवस. आई आजारी आहे, थोडे दिवस. माझ्या वर्गातून अशी गेलेली मुलं मला बाकासकट आठवतात. त्यांतलं एकही परत आलं नाही. ठिपकी नऊ वर्षांची होती.

फाटकाशी मुख्याध्यापिका उभ्या होत्या. मी शेवटचा गोल पुसला. बादली खाली ठेवली.

"ही पाटी बरोबर आहे," मी म्हणालो. "सगळ्या पाट्या बरोबर आहेत."

"झालं!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "एवढंच तर होतं."

पेंटरने हाताची घडी सोडली. त्याला इतकं सहज मिळेल असं वाटलं नसावं. तो जरा गोंधळलाच. "सोमवारी येईल ही," तो पुटपुटला.

"मी नाही येणार," ठिपकी म्हणाली.

"आता तुला काय झालं? म्हणाले ना ते?"

"म्हणाले. म्हणूनच." ती रडत नव्हती. बापाने वर्गात माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, तीच नजर आता तिच्या डोळ्यांत होती. "पाट्या बरोबर असतील तर मी वर्गात शिकले ते चूक. आणि मी शिकले ते बरोबर असेल तर सर खोटं बोलतात. मग कशाला यायचं? डबेच धुते."

"ठिपके, ऐक—"

"तुम्ही बाबांना घाबरलात."

चाळीस वर्षांत मला मुलांनी खूप नावं ठेवली असतील. तोंडावर कोणी हे म्हटलं नव्हतं. आणि ते अर्धंच खरं होतं. मी तिच्या बापाला घाबरलो नव्हतो, रिकाम्या बाकाला घाबरलो होतो. पण नऊ वर्षांच्या मुलीला हा फरक समजावत बसणं म्हणजे पळवाट काढणंच झालं असतं.

"हो, घाबरलो," मी म्हणालो. "खोटं बोललो मी. ही पाटी चूक आहे. मघाच्या दहाही चूक आहेत. तुझे बाबा ह्या रस्त्यावरचे सगळ्यात चांगले पेंटर आहेत, आणि पाट्या चूक आहेत. दोन्ही खरं आहे. तू त्यांच्यावर खडूने गोल काढायला नको होतेस, तेही खरं आहे, आणि ते मी तुला सांगायला हवं होतं."

पेंटरने लाथेने बादली उडवली. पाणी माझ्या बुटांवरून फाटकापर्यंत गेलं.

"ऐकलंत बाई? दोन मिनिटांत दोन गोष्टी! असल्या माणसाच्या हाती पोरं देता तुम्ही?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, "सोमवारी प्रार्थनेच्या आधी माझ्या खोलीत या," आणि आत गेल्या. पेंटरने ठिपकीचा दंड धरला. ती हिसका न देता त्याच्याबरोबर गेली. वळणापर्यंत मागे पाहिलं नाही.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी मला उभंच ठेवलं. महिनाअखेरपर्यंत शिकवा, नंतर तिसरीला दुसरं कोणीतरी येईल, असं सांगितलं. मी बरं म्हणालो. घंटा झाली. हजेरी घेतली. तिच्या नावापाशी वर्गाने दाराकडे पाहिलं आणि मी पुढचं नाव घेतलं.

महिन्यांची नावं घ्यायची होती. बारापैकी पाच फळ्यावर झाली असतील, तेवढ्यात दारात सावली पडली. ठिपकी होती. गणवेशात, पण वेणी अर्धवट. तिच्या मागे पेंटर.

"येऊ का?" तिने विचारलं. आवाजात गोडवा नव्हता.

"ये."

ती मागच्या बाकावर जाऊन बसली. पेंटर उंबऱ्यावरच राहिला. दोन दिवसांची दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"मी पाठवलेली नाही हिला," तो म्हणाला. "परवापासून घरात कोणाशी धड एक अक्षर बोललेली नाही. काल डबे धुवायला बसवली तर डब्यावरचं एकूण एक नाव मोठ्याने वाचत बसली, आणि कुठं काय चुकलंय ते सांगत बसली. आज उठली, दप्तर घेतलं आणि चालू लागली. मी मागून आलो. फरक लक्षात ठेवा."

"ठेवतो."

"माझे बोर्ड मी बदलणार नाही."

"मी सांगितलेलंही नाही."

"आणि तुमच्याशी माझं बोलणं बंद."

"बरं," मी म्हणालो.

तो दारातून बाजूला झाला, पण गेला नाही. व्हरांड्यातल्या खिडकीशी जाऊन उभा राहिला, गजांना हात लावून. त्याला जायला सांगायचा अधिकार मला होता. मी सांगितलं नाही. सहावा महिना फळ्यावर लिहायला घेतला. पहिल्या अक्षराची उभी दांडी ओढली.

"ती दांडी बघा," खिडकीतून आवाज आला. बोलणं बंद असल्यामुळे तो ते कोणालाच उद्देशून म्हणाला नव्हता. "पडेल आता."

मुलं गर्रकन वळली. ठिपकी वळली नाही. ती वहीत महिन्यांची नावं उतरवत होती, मान खाली, पेन्सिल दाबून. मी फळ्यापासून दोन पावलं मागे सरून पाहिलं. दांडी खरंच कललेली होती. मी ती पुसली आणि परत काढली.

"आता?" मी फळ्याकडेच बघत विचारलं.

खिडकीतून उत्तर आलं नाही. मी सातवा महिना लिहायला घेतला.